सोयरी काणी

गेल्या फाल्गुनात मी आठवडाभर घर सोडून नांदेड, लातूर आणि देवणीकडं जाऊन आलो. आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, लेकाकडं गेला होता का, दवाखान्यात गेला होता का, देवाला गेला होता का. यातलं काहीच नाही. मी ज्वारीची काणी दाखवायला गेलो होतो. हे ऐकून लोक माझ्या तोंडाकडं बघतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. मी चौथी शिकलेला माणूस आहे, अक्षर वाकडं आहे, पण जे झालं ते सरळ लिहितो.

आधी काणी म्हणजे काय ते सांगतो, कारण आता आमच्या अर्धापूर भागात जिकडं तिकडं केळी झाली आणि नव्या पोरांनी ज्वारीचं कणीस हातात धरलेलं नाही. काणी ही बुरशी. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, काजळीसारखी. कृषी खात्याच्या कागदावर तिचे चार फोटो असतात. दाणे काणी, म्हणजे दाणा वरून बंद आणि आत भुकटी. मोकळी काणी, तिची वरची साल लवकर फुटते, भुकटी वाऱ्यावर जाते आणि जागेवर काळा वाकडा केस तेवढा उरतो. झिपरी काणी, तिच्यात आख्ख्या कणसाच्या झिपऱ्या होतात. आणि लांब काणी, तिच्यात दोन-चार दाणे शिंगासारखे लांबतात. झाल्या चार.

माझी बायको कस्तुरा म्हणायची, पाच.

पाचवीला तिनं नाव ठेवलं होतं सोयरी काणी. वरून दाणे काणीसारखी बंद, पण नखानं फोडली की आत मोकळीसारखा लांब केस. मला दाखवायची. मी म्हणायचो, काणी ती काणी, जाळून टाक. एकदा कृषी सहायक तो चार फोटोंचा कागद घेऊन आला होता. पारावर माणसं बसली होती. ती डोक्यावर पदर घेऊन पुढं आली आणि म्हणाली, साहेब, ह्यात एक कमी हाय. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, तिचं मनावर घेऊ नका, तिला एका हाताला बोटं बी सहा दिसत्यात." सगळे हसले. ती बी हसली. पण पुन्हा चारचौघांत बोलली नाही. घरात मात्र दर फाल्गुनात एकदा म्हणायची, "कुण्या शिकलेल्याला दाखवा की अवो." मी म्हणायचो, पुढच्या साली.

या दिवाळीनंतर, ज्वारीची पेरणी झाल्यावर, ती गेली. आमच्यात माणूस जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आम्ही काणी तेवढी जाळतो. रानाच्या कडेला तिला ठेवली आणि घरी आलो, तर गोठ्याच्या आढ्याला तिनं बांधलेली फडक्याची पुरचुंडी लटकत होती. आत मागल्या सालची तीन कणसं. सोयरीची. तीन-चार महिने मी त्या पुरचुंडीखालून गेलो-आलो. मग ठरवलं. पाचवी खरी का खोटी, एवढं कुण्या शिकलेल्याला विचारायचं. उत्तर मिळाल्याबिगर थांबायचं नाही.

नांदेड

निघायच्या आदल्या दिवशी मी कणसं नीट बांधली. प्रवासात किडू नयेत म्हणून जे करायचं ते केलं. ते काय, ते पुढं येईलच.

नांदेडला उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, जिथं दुर्बिणीतून बारीक बघतात त्या मोठ्या कॉलेजला ने. त्यानं विचारलं, "सरकारी का?" मी म्हटलं, हाव. त्यानं नेलं थेट विष्णुपुरीला, धरणाच्या बाजूला. इमारत लई मोठी. मला वाटलं काम झालं. गेटवरच्या राखणदारानं पुरचुंडी उघडून बघितली.

"काय हाय हे?"

"काणी."

"मामा, इथं पूल आन् धरणं बांधायला शिकवत्यात. काणी बांधायला न्हाई शिकवत." मग त्यालाच वाईट वाटलं. पाणी दिलं, सावलीत खुर्ची दिली आणि म्हणाला, "आमच्या बाच्या ज्वारीला बी यायची. आता ज्वारीच न्हाई, मग काणी कुठली." मी पिशवीतलं केळं त्याला दिलं. अर्धापूरचा माणूस कुठं बी गेला तर देऊन देऊन केळंच देणार. धरणात पाणी चांगलं होतं. ते बघत मी बी एक केळं खाल्लं आणि परत शहरात आलो.

शहरातल्या एका कॉलेजात झाडापाल्याचा विभाग सापडला. तिथले सर चांगले होते, पण माझं ऐकता ऐकता घड्याळ बघत होते. म्हणाले, "काका, मी साठवलेल्या धान्यावरच्या बुरशीचं काम करतो. शेतातल्या काणीचं नाही."

"बुरशी ती बुरशी की."

हे माझ्या तोंडातून गेलं आणि मलाच चटका बसला. हेच मी तिला उभा जन्म ऐकवत आलो होतो.

सर हसले. "तसं असतं तर आम्हाला पगार कशाचा? तुम्ही लातूरला जा. तिथं एक मॅडम आहेत. त्यांनी दुसरं काही केलंच नाही, काणीच केली." चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. रात्री पुतणीकडं मुक्काम केला आणि सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं.

लातूर

लातूरला उतरल्यावर भूक लागली होती. स्टँडबाहेरच्या गाड्यावर एक जण म्हणाला, "एक सुशीला द्या." दुसरा म्हणाला, "मला दोन सुशीला." मी विचारलं, बाबा, बाईमाणसाचं नाव घेऊन काय मागताय? तर भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन शेंगदाणे घालतात, त्याला तिकडं सुशीला म्हणतात. आपल्याकडं पोहे तशी. खाल्ली. चांगली होती, पण घासात काही राहत नाही. दोन ताटल्या लागल्या.

मॅडम पन्नाशीच्या आतबाहेर. खोलीत कपाटं आणि कपाटांत चौकोनी कागदी पुड्या, पुड्याच पुड्या. भाषा पुण्याकडची. मी म्हटलं, "मॅडम, मी लांबून आलोय, मला एकच विचारायचंय. ज्वारीच्या काण्या चार का पाच?"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा काका. चार म्हणायचं का हेच मुळात विचारण्यासारखं आहे."

मी म्हटलं, हे बघा, मला घोळात घालू नका. त्या म्हणाल्या, घोळच आहे, दाखवते. आणि मला दुर्बिणीला डोळा लावायला लावला. ती दुर्बीण म्हणजे खाली बघायची. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. तपकिरी गोल दाणे, मोहरी सांडावी तसे, एकेकाच्या अंगावर बारीक काटे. चिमटीतल्या भुकटीत एवढं गाव वसलेलं असतं हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

"ही दाणे काणी," त्या म्हणाल्या. काच बदलली. "ही मोकळी."

"तीच की."

"तीच नाही."

"मॅडम, मला तर एकाच पोत्यातली वाटती."

"मलाही पहिली दोन वर्षं वाटायची. या सख्ख्या बहिणी आहेत काका. नुसत्या गोल दाण्यावरून बहिणी वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग साल कधी फुटते ते बघायचं, आतला दांडा, तो काळा केस, किती लांब ते बघायचं, पाण्यावर टाकली तर कशी उगवते ते बघायचं. आता तर रक्त तपासावं तसं आतलंही तपासतात. आणि तपासलं की कधी कधी नावच बदलतं." मग त्यांनी लांब काणीची काच लावली. हिच्यात दाणे सुटे नव्हते, लाडू वळल्यासारखे गोळे होते. "हिला बघा. पूर्वी वेगळी धरली, मग या बाकीच्यांच्या घराण्यात आणली, आता पुन्हा तिथून काढून दुसऱ्या घराण्यात टाकली आहे."

"म्हणजे फेरफार झाला."

"अगदी. सातबारा बदलला, शेत तेच."

हे मला पटलं. तलाठ्याकडं मी बी असे फेरफार बघितलेत. मग मी कस्तुराची पाचवी सांगितली. वरून बंद, आत लांब केस. मॅडम लिहीत होत्या, त्यांचा पेन थांबला.

"सोयरी? हे नाव कुणाचं?"

"माझ्या मंडळीचं."

"त्यांना बोलवा ना. फोनवर द्या."

"ती न्हाई आता."

त्यांनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काका, दाणे काणी आणि मोकळी काणी यांचा संकर होऊ शकतो. हे पुस्तकात आहे, मुद्दाम करून पाहिलेलं आहे. पण कुणी शेतात ओळखून, वेगळं नाव देऊन माझ्याकडं कधी आणलेलं नाही."

"पण तुम्ही तर म्हणलात सख्ख्या बहिणी. भावकीत सोयरीक होती का कुठं?"

"काणीला ते कुणी सांगितलेलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही दोघं बी हसलो. दिवाळीनंतर मी हसलो तो हा पहिल्यांदा.

मग त्यांनी पुरचुंडी सोडली. कणीस पांढऱ्या कागदावर झटकलं. काळ्या भुकटीबरोबर पिवळी भुकटी पडली. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, हे पिवळं काय आहे?"

"गंधक. चांगलं चोळून लावलंय. किडू नये म्हणून."

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावायचा राहिला एवढंच. "अहो, बियाण्याला गंधक कशाला लावतात?"

"काणी मरावी म्हणून."

हे मी बोललो आणि खाली बसलो. बसलेलाच होतो, तरी बसलो. तिनं आख्खा जन्म दर पेरणीला बियाण्याला गंधक चोळलेलं मी बघितलं होतं. हात आपोआप गेला. एक पुरचुंडी तिनं मागं ठेवली, आणि ती मी माझ्या हातानं मारून, वरून नीट गाठ मारून, दोन बस बदलून इथं आणली.

"दांडा लांब दिसतोय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चिमट्यानं दोन दाणे फोडून बघितले होते. "पण आता ही उगवून दाखवता येणार नाही, आणि तेवढ्यावर मी हो म्हणणार नाही. खोटं सांगून तुम्हाला पाठवू का?"

"नको. जिती आणली तर?"

"उभ्या पिकातली आणा. कागदात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये नको, घाम येतो. आणि काका..."

"गंधक न्हाई लावत."

ज्वारीचं ते बियाणं कस्तुरानं लग्नानंतर माहेरून आणलेलं. माहेर देवणीच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. मी मनाशी म्हटलं, बी तिथलं तर काणी बी तिथलीच. घरी न जाता तसाच उदगीरच्या गाडीत बसलो.

देवणीच्या पलीकडं

सासुरवाडीला मी सात-आठ वर्षांत गेलो नव्हतो, आणि गेलो तो एकटाच. दारात तिचा थोरला भाऊ मन्मथआप्पा बसला होता. शरणार्थ म्हणून आम्ही एकमेकांना हात जोडले. त्याची बायको महानंदावहिनी आतून म्हणाली, "बर्री दाजी, कुंद्री." म्हणजे या, बसा. त्या गावात निम्मं बोलणं कानडी. कस्तुरा पहिल्या वर्षी माझ्या आईला असंच "कुंद्री" म्हणाली होती आणि आईला वाटलं शिवीच दिली.

कुणी रडलं नाही. आमचं सगळ्यांचं वय झालंय. आप्पानं मला सरळ गोठ्यात नेलं. देवणीकडचा माणूस पाव्हण्याला आधी गुरं दाखवतो, मग पाणी देतो. तीन गायी होत्या.

"कशा वाटल्या?"

"चांगल्या हायत की. देवणी."

"देवणी तर हायतच. कोणती कोणती ते सांगा."

मी एकीच्या पाठीवर नुसता हात फिरवला. आप्पाला राग आला. "ही अंगानं पांढरी, तोंड काळं, ती वानेरा. ही पांढरीफेक, बालंक्या. ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, शेवरा. दाजी, पन्नास वर्षं झाली तुम्हाला ह्या घरचा जावई होऊन! कस्तुरा म्हणायचीच, आमच्या मालकाला काणी-काणीतला फरक कळत न्हाई."

"म्हणायची?"

"दर पंचमीला. हसून म्हणायची, पण म्हणायची."

जेवायला भाजक्या मसाल्याच्या पिठाची येसर आमटी, कारळाची चटणी आणि कडक भाकरी होती. आपल्याकडं भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, मऊ. तिकडं पापडासारखी वाळवून आठ-आठ दिवस ठेवतात आणि आमटीत मोडून खातात. लग्न झाल्यावर कस्तुरानं तशी केली होती आणि मी म्हटलं होतं, दात पाडायचा इरादा आहे का. तिनं पुन्हा केली नाही. त्या दिवशी मी तीन खाल्ल्या. आता दात बी नाहीत, पण आमटीत भिजली की काय सुरेख लागते.

मी कशाला आलो ते सांगितलं. सकाळी वहिनी मला रानात घेऊन गेली. सगळीकडं तूर आणि सोयाबीन होऊन गेलेलं, पण वहिनीनं बांधालगत हुरड्यापुरती ज्वारी ठेवली होती. तिच्यात काणीची पाच-सहा कणसं होती. मी एक ओढून म्हटलं, "ही का सोयरी?"

वहिनीनं दाणा घेतला, नखानं फोडला, बोटावर चोळला. "ही दाणे काणी. आखूड हाय बघा आतलं. इथं दाणेच येती. मोकळी मी ह्या शिवारात बघितलीच न्हाई कधी."

"मग सोयरी कुठं येती?"

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. "दाजी, तुम्ही खरंच इथं सोयरी शोधायला आलात?"

"बी इथलं हाय न्हवं?"

"बी इथलं. सोयरी इथली कशी असंल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. हसू का रडू तिला कळेना. "वन्सं लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तवा म्हणाल्या, वहिनी, तिकडच्या ज्वारीला येगळीच काणी हाय, साल फुटून भुकटी उडून जाती आन् काळा केस राहतो. त्यांनी इथलं बी नेऊन तुमच्या बियाण्याशेजारी पेरलं. दोन-तीन सालांनी आल्या तवा सांगितलं, आपली बंद काणी आन् त्यांची मोकळी काणी एका रानात आल्या, आता दोन्हीच्या खुणा असलेली तिसरीच निघाली. माहेरची आन् सासरची. म्हणून सोयरी. नाव ऐकून आम्ही दोघी बांधावर बसून लई हसलो."

मी बांधावर बसलो. ती सोयरी फक्त माझ्याच रानात होती. तिला शोधायला मी दोन जिल्हे पालथे घातले.

"पण माझ्या रानात आता कुठली असंल?" मी म्हटलं. "ती सगळ्या बियाण्याला गंधक लावायची."

"सगळ्या न्हाई. विहिरीकडच्या दोन ओळी कोरड्या पेरायच्या. सोयरी मरू नये म्हणून. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

विहिरीकडच्या त्या दोन ओळी मला चांगल्या ठाऊक होत्या. दर साली तिथंच काणी दिसायची आणि दर साली मी तिला म्हणायचो, तुझं गंधक तिथं येऊनच कसं संपतं? ती म्हणायची, "संपतं खरं." आणि ही पेरणी बी तिच्याच हातची होती.

लगेच शेजारच्या बळीरामला फोन लावला. माझ्या मागं कापणी त्याच्यावर सोपवली होती. बांधावर रेंज येईना, तर वहिनीनं मला उकिरड्याच्या उंचवट्यावर चढवलं.

"बळीराम, ज्वारी उभी हाय का?"

"उद्या सकाळी विळा लावतो बघा. बाया सांगितल्यात."

"विहिरीकडच्या दोन ओळींना हात लावू नको."

"त्याच आधी काढणार होतो मामा. काणी हाय तिच्यात. जाळून टाकतो, तुम्ही आरामात या."

"बळीराम! एक कणीस जाळलंस तर तुझं तोंड बघणार न्हाई. तिचं काम राहिलंय तिथं."

तो म्हणाला, "या. तवर थांबतो."

घरचं रान

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मी माझ्याच रानात उभा होतो. बाया दुसऱ्या टोकाला कापत होत्या, बळीराम मधे. विहिरीकडच्या दोन ओळी उभ्या होत्या. मी ज्वारीच्या पहिल्या ताटापासून सुरू केलं.

नख लावायचं कसं हे मला माहीत नव्हतं. जोरानं फोडला तर सगळी भुकटी उडायची आणि आतलं काही हाताला लागायचं नाही. चार कणसं वाया घालवली. एक बाई लांबून म्हणाली, "मामा, ज्वारी खाताय का मोजताय?" मी तिला बोलायला जाणार होतो, पण नाकात काणी गेली आणि शिंकांनी बेजार झालो. मग कळलं. नख आडवं लावायचं, साल नुसती उचलायची, आणि अंगठा हळू फिरवायचा. आखूड असेल तर टोचतं. लांब असेल तर केसासारखं वळतं. डोळ्याचं काम त्यात फार नाही.

मोकळी सापडली, ती तर उडूनच गेली होती. दाणे काणी सात-आठ ताटांना. दुसऱ्या ओळीत, विहिरीच्या अगदी जवळ, एक कणीस बंद होतं. साल घट्ट. नख लावलं, अंगठा फिरवला, आणि ते वळलं. दुसरा दाणा. तो बी वळला. मी पुन्हा पहिल्या दाणे काणीकडं गेलो, तिला हात लावून बघितलं, आणि परत आलो. वेगळी होती. आंधळ्याला कळावी इतकी वेगळी होती. एवढं एक बोट फिरवायला मला पन्नास वर्षांत सवड झाली नव्हती.

तशी तीन कणसं निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळली. बळीराम म्हणाला, "जरा गंधक..." मी नुसतं बघितलं. तो पाणी प्यायला गेला.

पुन्हा लातूर

मॅडमनी कणसं घेतली, मला दोन दिवसांनी या म्हणाल्या. मी म्हटलं, मी इथंच थांबतो. दोन दिवस एका मठात राहिलो आणि सुशीला खाल्ली. पोट तिला सरावलं.

तिसऱ्या सकाळी गेलो तर त्यांनी काच लावूनच ठेवली होती. गोल दाण्यांना कोंब फुटले होते. जित्या होत्या. मग त्या बोलायला लागल्या. साल या बहिणीची, दांडा त्या बहिणीचा, उगवण दोघींच्या मधली दिसते, पक्कं म्हणायला ही ज्वारीला टोचून पुढच्या साली कणीस येईपर्यंत थांबावं लागेल, शिवाय आतली तपासणी, शिवाय आणखी कणसं. मी बराच वेळ ऐकलं.

"मॅडम, तुमचं काम तुम्ही करा, साल लागू द्या का दोन लागू द्या. मला एवढंच सांगा. तिनं येगळी म्हणली ती येगळी हाय का? हाव का न्हाई?"

त्यांनी चष्मा काढला. पुन्हा एकदा काचेतून बघितलं. चष्म्याशिवाय काय दिसलं असेल कोण जाणे.

"हाव," त्या म्हणाल्या.

पुण्याकडच्या तोंडातून हाव जरा बोबडंच आलं, पण आलं.

मग पुडी तयार करताना त्यांनी हिशेब सांगितला. लांब काणी फेरफारात दुसऱ्या घराण्यात गेली. ह्या घराण्यात राहिल्या दाणे, मोकळी आणि झिपरी. सोयरी धरली तर चार, लांब बी मोजली तर पाच. म्हणजे मी चार म्हणत होतो ते बी खरं आणि ती पाच म्हणत होती ते बी खरं. मी म्हटलं, बघा, मेल्यावर बी तिनं मला पुरतं हरू दिलं नाही. पुडीवर त्यांनी गाव लिहिलं, पीक लिहिलं, आणि स्थानिक नाव या ओळीत "सोयरी काणी" लिहिलं. कुणी ओळखली, तिथं कस्तुराबाई. गोळा कुणी केली, तिथं माझं नाव घालायला लावलं. तेवढा हक्क माझा होता, मी शिंकलो होतो.

"काका, हात धुऊन घ्या, तिकडं साबण आहे," त्या म्हणाल्या. माझं अंगठ्याचं नख काळं झालं होतं. कस्तुराचं फाल्गुनात असंच असायचं, आणि मी म्हणायचो, नख धू, भाकरी करतीस. मी म्हटलं, धुतो. आणि तसाच एसटीत बसलो.

घरी आल्यावर मळणी झाली. पुढच्या पेरणीचं बियाणं निवडून पोत्यात भरलं. त्यातलं दोन ओळींपुरतं वेगळं काढून तिच्याच फडक्यात बांधलं, आणि फडक्यावर कोळशानं फुली मारली. बळीराम बघत होता.

"हे का येगळं काढलं मामा?"

"ह्याला गंधक लावायचं न्हाई."

"मग काणी येईल की."

"येऊ दे," मी म्हटलं. "घरचीच सोयरी हाय."